खाली राहणाऱ्यांना कोण विचारणार?

मुलांनो, डोळे मिटा आणि असं एक गाव समोर आणा, जिथली निम्मी माणसं कधी ना कधी सिनेमात मेली आहेत. मोरोक्कोतलं आमचं वर्झाझात तसंच आहे. परदेशातले लोक येतात, मातीचे किल्ले बघून हरखतात आणि इथल्याच माणसांना रोमन नाहीतर तिबेटी बनवतात. आमच्या गल्लीतल्या तूदाचा मामा बीही तर इतक्या लढायांत पडला होता, की नीट कसं पडायचं ते तो नव्या लोकांना शिकवायचा. चेहरा मात्र त्याचा कधीच दिसला नाही, कारण पडताना त्याला पालथंच पडायला सांगत.

म्हणून तूदाला मुलांच्या सिनेमात लहान चेटकिणीचं काम मिळालं, तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, आता आपला चेहरा पडद्यावर येणार. सिनेमात देशोदेशीच्या चेटकिणी होत्या. प्रत्येक मुलीला पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी दिसलं पाहिजे, असं हेलनबाई सांगायच्या. कुणी वगळलं जाऊ नये, कुणी दुखावलं जाऊ नये, हे बघण्याचाच त्यांना पगार होता.

पहिल्या दिवशी त्या तूदाकडे बघतच राहिल्या आणि दुभाषाचं काम करणाऱ्या बीहीला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आमच्या डोंगरातल्या पुष्कळ मुलींसारखी तूदा गोरी आणि घाऱ्या डोळ्यांची.

"मामा, काय म्हणतायत त्या?"

"तू इथली वाटत नाहीस म्हणतायत."

"मग कुठली वाटते?"

"ते नाही सांगितलं. थोडा सावळा रंग लावणार आहेत. मग होशील इथली."

रंग लागला. दुपारी आई रोटी आणि जैतून घेऊन आली आणि लेकीलाच "आमची तूदा दिसली का गं?" असं विचारून पुढे गेली.

मग तूदाचा प्रसंग आला. साखळीला टांगलेला हंडा खाली जाळावर उकळत होता. दोरी ओढून तूदाने तो वाळूत उपडा करायचा आणि वाफ उठली की हसायचं. ती एकटीच दिसणार होती, अगदी जवळून.

तूदाने दोरी धरली, खाली वाकली आणि म्हणाली, "बिस्मिल्लाह. सरका हो, गरम आहे."

आमच्याकडे गरम पाणी जमिनीवर असंच कुणी ओतत नाही. खाली राहणाऱ्या जिन्नांची पोरंबाळं भाजली, तर ते घरादाराला सोडत नाहीत.

हेलनबाईंनी काम थांबवलं आणि बीहीला बाजूला घेतलं. तो परत आला.

"चेटूक चालेल म्हणतात, देवाचं नाव नको. कुणालातरी वगळल्यासारखं वाटेल."

"आणि खालच्यांना नाही वाटणार?"

"अगं, ते सिनेमा बघत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

बीहीने हेलनबाईंना सांगितलं, की मुलगी विचार करते आहे.

"मनातल्या मनात म्हण की," तो कुजबुजला.

"मनातलं त्यांना ऐकू कसं जाईल?"

तोवर पलीकडे दुसऱ्या एका मुलीला रंग लावायला सुरुवात झाली होती. लंडनहून आलेली ती मुलगी काहीही न विचारता हंडा ओतायला तयार होती.

"तूदा, माझा जन्म पालथं पडण्यात गेला," बीही म्हणाला. "एकदाच ओत. तुझा चेहरा येतोय."

"माझा कुठे, मामा? आईने तरी ओळखला का?"

तूदाने दोरी खांबाला बांधली. हंड्याखालच्या जाळावर पायाने वाळू लोटून तो विझवला आणि शेजारी मांडी घालून बसली.

"गार पाणी ओतायला खालच्यांना विचारावं लागत नाही," ती म्हणाली. "सांग त्यांना, थोडं थांबा म्हणावं."

आणि डोक्यावरची टोकदार टोपी काढून ती हंड्याला वारा घालू लागली.