माझं चाक आतून जातं

मित्रांनो, रस्त्याला वळण आलं की माझ्या ॲक्सलमध्ये आजही धडधडतं. ट्रॅक्टरला तसं काही होत नसावं. त्याला तोंड आहे, पुढचे दिवे आहेत, स्टेअरिंग आहे. मला यातलं काहीच नाही. मी ट्रॉली. कुणीतरी पिन घालून मागे अडकवायचं आणि ओढत न्यायचं, एवढाच माझा प्रवास. वय झालं, रंग उडाला, पण वळणाची भीती काही गेली नाही. ती का गेली नाही, तेच आज सांगते.

नाशिकला अंबडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला जोडलं. चार दिवस अंगावर ठिणग्या उडत होत्या. मग निळा रंग लागला आणि पेंटरने मागच्या फाळक्यावर दोन मोर काढले. एकाची मान जरा वाकडीच आली. कळवण तालुक्यातल्या कारभारीनानांनी मला घरी नेलं, दारात नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यात शेणखत भरलं. मला राग आला नाही. कामासाठीच तर आले होते.

मी कांदा वाहिला, मका वाहिला, एकदा शाळेचे नवे बाकही आणले. तेव्हा नानांचा मुलगा महेश ट्रॅक्टर चालवायचा. नाना पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही माझी दुसरी पोरगी. कितीबी भरा, तक्रार नाय." ते ऐकलं की चढावरसुद्धा ओझं हलकं वाटायचं.

पुढे महेशला देवळाली कॅम्पात नोकरी लागली आणि मी विहिरीजवळच्या बाभळीखाली उभी राहिले. दोन उन्हाळे गेले. एका चाकातली हवा गेली, कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली, उंदरांनी माझ्या मागच्या दिव्याची वायर खाल्ली. कांदा न्यायचा असला की मंगळू नावाचा चालक स्वतःची गाडी घेऊन यायचा. म्हणजे त्याच्या मनात आलं तर. नाही आला, तर काढलेला कांदा खळ्यावर पडून राहायचा.

शेवटी महेशच्या बायकोने, रूपालीने, कंबर कसली. ती ट्रॅक्टर शिकली, परवाना काढला, माझ्या चाकात हवा भरली. शिकवायला नाना होते. आता नानांनी चाळीस वर्षं हाकली ती बैलगाडी. बैलगाडी वळवताना आतला बैल थोपवतात आणि बाहेरचा पुढे काढतात. मग आतलं चाक जवळजवळ जागच्या जागी फिरतं आणि गाडी कोपऱ्याला चिकटून सुरेख वळते. नानांनी तेच रूपालीला सांगितलं, "कोपरा धरून चाल. लांबून वळतो त्यो नवशिका."

पण मी काही बैलगाडी नव्हे. ट्रॅक्टर जिथून वळतो, तिथून माझं चाक जात नाही. ते आतून जातं, कोपरा कापत जातं. मला हे ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना डावीकडे वळावं लागतं. त्या कोपऱ्यावर कुसाबाईंचा ओटा आहे. त्या नानांच्या थोरल्या चुलत बहीण. ओट्यावर बसून दिवसभर शेंगा निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. पहिल्याच दिवशी नानांनी सांगितल्याप्रमाणे रूपालीने कोपरा धरला. ट्रॅक्टर नीट गेला. माझं डावं चाक मात्र सरळ ओट्यावर चढलं. सूप चिपाड झालं, बसायचा पाट फुटला. कुसाबाई पाणी प्यायला आत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

त्या बाहेर आल्या, फुटका पाट पाहिला आणि म्हणाल्या, "कारभारी, सुनंला रस्ता कमी पडला व्हय? माज्या घरातून गाडी काढली की तिनं!"

"नाना, तुम्हीच म्हणालात ना, कोपरा धर," रूपाली म्हणाली.

"धर म्हनलो. चढ म्हनलो व्हतो का?" नाना लाल झाले होते. "बास झालं. उद्यापासून चावी मंगळूकडं."

रूपालीने खाली पाहिलं, पण चावी दिली नाही. "सोमवारचा कांदा मला कळवणला नेऊ द्या. एवढा एकदाच. ओट्याला खरचटलं, तर मी स्वतः मंगळूभाऊंच्या हातात चावी देईन. परत मागणार नाही."

नाना "हूं" एवढंच म्हणाले.

दोन दिवस मी अस्वस्थ होते. रूपालीही होती. रविवारी सकाळी तिने मला खळ्यावर नेलं. तिच्या मुलीने, सृष्टीने, ओटा म्हणून एक वीट ठेवली आणि सगळीकडे चुलीची राख पसरली. रूपाली विटेला धरून वळली. सृष्टी चाकांचे ठसे बघत धावत आली.

"आई, ट्रॅक्टरचं पाऊल विटेच्या बाहेर आहे आणि ट्रॉलीचं आत! दोघं एका वाटेने जातच नाहीत!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी वाचलं होतं. मायलेकींनी दुपारपर्यंत किती विटा चिरडल्या, कोण जाणे. शेवटी जमलं. वेग अगदी कमी ठेवायचा. थोडं उजवीकडे राहायचं. वळावंसं वाटलं तरी वळायचं नाही, ट्रॅक्टर कोपऱ्याच्या पुढे निघून जाऊ द्यायचा आणि मग स्टेअरिंग फिरवायचं. आणि फिरवताना नजर नुसती पुढे नाही, तर मागे, माझ्या आतल्या चाकावर.

सोमवारी मी काठोकाठ भरले होते. नाना पुढे कोपऱ्यापलीकडे उभे राहिले. पारावर मंगळू पाय हलवत बसला होता. कुसाबाई ओट्यावर, नव्या पाटावर. "बस आत," असं नाना म्हणाले, तर "मी का उठू? वटा माजा हे," असं उत्तर मिळालं.

रूपालीने डावा दिवा लावला, ट्रॅक्टर उजवीकडे घेतला आणि सरळ पुढे काढला. मग वळायला लागली. मला ओटा लांब दिसत होता. जमणार होतं!

आणि ट्रॅक्टर मध्येच थांबला.

"ये, ये! दाब आता!" नाना ओरडले. "थांबली कशाला?"

"वहिनी, गिअर घावंना का?" पारावरून मंगळू हसला. मागे एक जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. रूपालीने ब्रेक दाबून धरला होता. चावी जाणार, हे तिलाही कळत होतं. पण ती हलली नाही. तिची मान मागे वळलेली होती.

माझ्या डाव्या अंगाला काहीतरी ऊबदार टेकलं होतं. माणसाचा गुडघा.

दूध घालणारा वाल्मीक मोटारसायकलवरून मागून आला होता. ट्रॅक्टरचा दिवा माझ्या कांद्याआड झाकला गेला आणि माझा दिवा तर दोन उन्हाळ्यांपासून मेलेला. आम्ही उजवीकडे सरकलो, म्हणून त्याला वाटलं, आम्ही उजवीकडेच वळतोय. डावीकडे जागा दिसली आणि तो घुसला. आता तो ओटा आणि मी यांच्यामध्ये अडकला होता. चाक हातभर पुढे गेलं असतं, तर मी त्याला ओट्यावर दाबून टाकलं असतं. आणि मला थांबता आलं नसतं. मला ब्रेक नाही.

कुसाबाईंनी पाय वर ओढले आणि बोंब ठोकली, "आरं कारभारी, पोरगं दाबलं जाईल! हिकडं बघ की, मुडद्या!"

नाना धावत आले. त्यांनी मोटारसायकल मागून धरून इंच इंच ओढली. वाल्मीकचा चेहरा त्याच्या कॅनमधल्या दुधासारखा पांढरा पडला होता.

"नाना, मला वाटलं तुमी उजवीकडं चालला. मागं दिवाच नाय लागला."

नानांनी माझ्या मेलेल्या दिव्यावर हात ठेवला.

"मग नाना, चावी?" मंगळू जवळ येऊन म्हणाला. "भर वळणात गाडी हुबी केली त्यांनी."

"मंगळू, तू असता तर हॉर्न ऐकून पुढं घेतली असती," नाना म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "आन् मी बी घेतली असती."

मग ते त्या मोकळ्या जागेत, मागे येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "रूपाली, घे आता. कुनाची घाई नाय."

ती वळली. ओट्यापासून चांगलं अंतर राखून मी बाहेर पडले. त्या दिवसापासून ट्रॅक्टर तीच चालवते. संध्याकाळी आम्ही परत आल्यावर नानांनी जेवायच्या आधी वायरमनला बोलावून माझा दिवा करून घेतला.

मित्रांनो, तुम्हीही सायकलवर किंवा पायी मोठ्या गाड्यांजवळून जाता. ट्रक, बस, ट्रॉली वळताना बाजूला रिकामी जागा दिसली, तर ती तुमच्यासाठी सोडलेली नसते. ती आमच्या मागच्या चाकाची वाट असते. आम्ही पूर्ण वळेपर्यंत मागेच थांबा. आणि घरी ट्रॉली असेल, तर आज मोठ्यांना सांगा, "मागचा दिवा लावून दाखवा." नाही लागला, तर तो लागेपर्यंत आम्हाला रस्त्यावर काढू देऊ नका.