दहा बोटं आणि मंद दिवा

कारखान्यात लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नरला आपल्या मेहुण्याबद्दल काडीचाही आदर नव्हता. का असावा? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस! चार महिन्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास काय केला, तेव्हापासून घरातल्या मिक्सरलासुद्धा उपदेश करायचा.

पण मोतीबिंदू काढल्यापासून लेथवरच्या एलईडी दिव्याची चकाकी टर्नरच्या डोळ्यांत घुसायची, आणि दिसलं नाही तर काम संपलं. म्हणून बायकोने भावाला गळ घातली. आला तो कारखान्यात, खिशाला तीन पेनं लावून.

"दाजी, हे बटण फिरवलं की उजेड कमी," मेहुण्याने दिव्याला जोडलेली डबी दाखवली. "खरं तर दिवा मंद होतच नाही. आतली चिप तो सेकंदाला शंभर वेळा लावते नि विझवते. विझलेला वेळ वाढवला की आपल्याला वाटतं, उजेड कमी झाला. डोळा फसतो!"

"तुझा फसत असेल," टर्नर म्हणाला. "तीस वर्षं लेथवर आहे. दहाची दहा बोटं शाबूत. मोज हवं तर."

बढाई खरी होती. त्या कारखान्यात नऊवाले होते, आठवालेही होते. टर्नरची एक सवय होती, तिला सगळे हसायचे. मशीनच्या चकाजवळ, म्हणजे लोखंड जबड्यांत पकडून फिरणाऱ्या तबकडीजवळ, हात नेण्याआधी तो डावा तळवा मशीनच्या अंगावर ठेवायचा. थरथर नसेल तरच पुढे.

त्याने लेथ चालू केलं. चार जबड्यांचा चक मिनिटाला दीड हजार फेरे घेऊ लागला. तेवढ्यात शेजारच्या ग्राइंडरने असा गळा काढला की लेथचा आवाज त्यात बुडाला. मेहुणा बटण फिरवत गेला. चकाकी खरंच गेली. जबडे दिसू लागले, चारही, जागच्या जागी.

"बंद केलंत? बरं झालं. बघा, कड न् कड दिसते," म्हणत मेहुण्याने जबड्याकडे बोट नेलं.

टर्नरच्या तळव्याखाली मशीन थरथरत होतं.

त्याने मेहुण्याचं मनगट धरून त्याला मागे खेचलं, त्याच्या खिशातलं एक पेन उपसलं आणि त्या थांबलेल्या चकावर भिरकावलं. फाट! तुकडे पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळले.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दिवा विझून परत लागतो तेवढ्यात दर वेळी एक जबडा दुसऱ्याच्या जागी येतो... म्हणून थांबलेला दिसला. चिपचा वेग वाढवतो, दाजी. सेकंदाला वीस हजार..."

"आधी हात आवर, शहाण्या! काय दिवे लावलेस रे! तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

टर्नरने लेथ बंद केलं, पण डावा तळवा काही मशीनवरून हलेना. चक थांबलेला त्यालाही दिसला होता, उजवा हात पुढे निघालाही होता. हे मात्र त्याने बायकोला कधीच सांगितलं नाही.