उबेची खोली

बाळ श्वास आत घेई तेव्हा शेवटच्या बरगडीखालची कातडी ओढली जाऊन बोटाचं टोक मावेल एवढा खळगा पडे. श्वास सोडला की तो भरून येई. काल हा खळगा याहून खोल होता. डॉक्टरबाई वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ केली आणि पांघरूण वर ओढलं.

पांघरूण घरचं होतं, सकाळीच बदलून आणलेलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. तरी त्याला धुराचा वास येत होता.

"घरात कुणी सिगारेट ओढतं का?" दाखल करतानाही त्यांनी हे विचारलं होतं.

"नाही हो," बाळाची आई म्हणाली. "आमच्याकडे व्यसन एकच, चहाचं."

वॉर्डातल्या बहुतेक मुलांना सर्दीच्या त्याच विषाणूची लागण झाली होती. समोरच्या खाटेवरचं गुटगुटीत पोर त्याच विषाणूसकट उभं राहून सिस्टरच्या खिशातलं पेन ओढत होतं. हे बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं होतं, जन्मतःच वजनाला कमी होतं आणि दुसऱ्यांदा इथं आलं होतं. पहिल्या दोन गोष्टी आता बदलण्यासारख्या नव्हत्या.

"मग हा धूर कुठला?"

"आमची बेकरी आहे," बाळाचे वडील म्हणाले. "खाली लाकडाची भट्टी, वर घर."

"बाळ कुठं झोपतं?"

उत्तर आजोबांनी दिलं, आणि जरा अभिमानानंच. "माझ्या खोलीत, बरोबर भट्टीच्या वर. मी माझी खाट बाहेर काढली. घरी सोडताना तुम्हीच सांगितलंत ना, याला ऊब द्या म्हणून? अख्ख्या घरात त्याहून उबदार जागा नाही. छटाकभर पोर ते, गारठलं तर काय घ्या."

डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं होतं. लवकर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरच्यांना त्या तसं सांगत.

"चिमणी कुठून जाते?"

"त्याच खोलीच्या भिंतीतून."

"तिला भेग आहे," आजोबांचा मुलगा खाली बघत म्हणाला. "माझ्या लग्नाच्या आधीपासून."

"मग बुजवली का नाही?"

"बुजवायला भट्टी गार करावी लागते."

अशी भट्टी विझू देत नाहीत. शेवटचे पाव निघाले की निखारे राखेखाली झाकून ठेवतात आणि पहाटे त्याच उबेवर पुन्हा लाकडं रचतात. विटा एकदा गार पडल्या की त्यांना तडे जाण्याची भीती असते, आणि पुन्हा नीट तापेपर्यंत पाव वरून करपतो, आत कच्चा राहतो. आजोबांच्या वडिलांनी पेटवलेली भट्टी आजवर गार पडली नव्हती. मुलाने विषय काढला की आजोबा "बघू" म्हणत. मुलाच्या बायकोने काढला की तो "बाबांना विचारतो" म्हणे.

"माझी चार पोरं त्याच खोलीत वाढली," आजोबा म्हणाले. "एकाला साधा खोकला नाही."

"दिवस भरून झालेली?"

"चांगली दणदणीत."

"हा तसा नाही. याच्या श्वासनळ्या फार बारीक आहेत, थोडी सूज आली तरी बंद होतात. सर्दी पुन्हा कुठूनही येईल, ती मी अडवू शकत नाही. धुराने सुजलेल्या नळ्यांत ती आली, तर पुढच्या वेळी नाकातल्या एवढ्याशा नळीवर भागेलच असं नाही."

"खोली बदलू मग."

"वास घरभर आहे, मामंजी," सून म्हणाली. "माझ्या केसांनाही येतो." मग डॉक्टरबाईंकडे वळली. "मी बहिणीकडे राहते बाळाला घेऊन."

"तिथं लहान मुलं आहेत?"

"तीन. शाळेत जातात."

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. सुनेला ते कळलं. धाकट्याचं नाक तर बारा महिने वाहत असे.

"पुढच्या महिन्यात लग्नांच्या ऑर्डरी आहेत," आजोबा म्हणाले. "एवढ्या उरकू द्या, मग बघू."

"तोवर मी याला त्या घरी सोडणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑक्सिजन निघाला की बाळ जायला मोकळं आहे. कुठं जाणार ते तुम्ही ठरवा."

सून नवऱ्याकडे बघत होती. "यांना शिंक आली तरी आधी बाबांना विचारतील," ती सिस्टरला म्हणाली. सिस्टर हसली नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. बेकरीतून पाव भाजणारा मिस्त्री बोलत होता. त्याचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू येणारा. लाकडांची गाडी आली होती, उद्यासाठी किती रचायची ते हवं होतं.

आजोबांनी फोनसाठी हात पुढे केला. असे फोन तेच घेत. मुलाने त्या हाताकडे पाहिलं, पण फोन कानालाच ठेवला.

"गाडी परत पाठवा," तो म्हणाला. "आज लाकडं टाकू नका, उद्याही नाही. भट्टी गार होऊ द्या."