लाल टोपीचा आठवडा

आमचे बाबा, म्हणजे व्हर्लिन टेश, गेली कित्येक वर्षं लाल टोपी घालून फिरतात आणि त्यांना लाल रंग बघवत नाही. शेजारच्या मर्लकाकांशी लावलेली पैज. बाबांचं कॉलेज हिरवं, काकांचं लाल. आमच्याकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलच्या सामन्यात ज्याचं कॉलेज हरेल त्याने दुसऱ्याची टोपी घालायची, ती पुढची गाठ पडेपर्यंत. गाठ वर्षातून एकदा पडायची आणि आम्ही दरवर्षी हरायचो. बाबांची हिरवी टोपी कपाटात कोरीच्या कोरी पडून होती.

त्यात दोन्ही कॉलेजं पश्चिम गटात. प्रत्येक गटातला पहिला तेवढा अंतिम सामन्याला जायचा, तेव्हा लाल जायचे आणि आम्ही घरी बसून चडफडायचो. पूर्वेकडून कोणीतरी लिंबूटिंबू यायचं आणि मार खाऊन जायचं. यंदा मात्र लीगवाल्यांना अक्कल आली. गट काढून टाकले. सगळ्यांत वरचे दोन संघ अंतिम सामना खेळणार.

शेवटच्या साखळी सामन्यात लालांनी आम्हाला पुन्हा हरवलं. काकांनी अंगणात येऊन बाबांच्या डोक्यावरची टोपी काढून समारंभपूर्वक परत चढवली. संध्याकाळी गुणतक्ता लागला. पहिले लाल, दुसरे आम्ही. शनिवारी परत तेच दोघं.

"हरून कसले चॅम्पियन होताय रे?" काका कुंपणावरून म्हणाले.

"नियम मी केला का? लीगला जाऊन विचार," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कॉलेज अंतिम सामना खेळणार होतं.

शनिवारी निघताना मी म्हटलं, "बाबा, आज तरी ती काढा. लोक शिव्या घालतील."

"गाठ पडायची आहे अजून, जनेल. शब्द म्हणजे शब्द."

झालं. हजारो हिरव्यांत आमचा एक लाल म्हातारा. मागचा एक जण म्हणाला, "आजोबा, वाट चुकलात का?" मी त्याला असं काही सुनावलं की तो सामना संपेपर्यंत गप्प बसला. आमच्याबरोबर आलेले काका माझ्या पलीकडे बोडक्या डोक्याने बसून खुदुखुदु हसत होते.

शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही मागे. मग आमचा एक सुकडा पोरगा चेंडू छातीशी धरून जो सुटला, तो थेट रेषेपलीकडे जाऊन पडला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. मी ओरडले, रडले, त्या मागच्यालाच मिठी मारली.

बाबांनी लाल टोपी काढून काकांना दिली आणि कोटातून हिरवी काढली. घडीसुद्धा मोडली नव्हती तिची. ती हातात धरून ते नुसते बघत राहिले. हरलेल्याने घालायची, म्हणजे आता ती काकांची. एवढ्या वर्षांनी दिवस उगवला आणि बाबांचं डोकं उघडंच.

"घे रे," बाबा काकांना म्हणाले आणि टोपी पुढे केली.

काकांनी ती घेतली, घडी मोडली, आतून हात घालून नीट गोल केली आणि बाबांच्या डोक्यावर ठेवली.

"आज तू मिरव. उद्या सकाळी कुंपणापाशी आणून दे," ते म्हणाले. "आणि धुऊ नकोस."