ताणावरची बाग आणि मी

खट्.

शेतातल्या घराच्या सुन्या पडवीत एवढाच एक आवाज होतो, आणि तो माझा असतो. विहिरीवर लाईन, म्हणजे वीज, आली, की माझ्या पोटातली पट्टी चिकटते आणि तिकडे मोटार घुमू लागते. मित्रांनो, अचलपूरजवळच्या एका संत्र्याच्या बागेतला मी मोटारीचा जुना डब्बा. दुकानात मला ऑटो स्टार्टर म्हणत.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते परतवाड्याहून मालकाच्या मुलाच्या, सागरच्या, मांडीवर बसून एसटीने आलेलं. त्याने मला पडवीच्या भिंतीवर ठोकलं, पोटात सिमकार्ड घातलं. लाईन आली की मोटार लावायची, व्होल्टेज घसरलं की थांबवायची, आणि सागरच्या वडिलांना, केशवरावांना, फोन करून सांगायचं, 'मोटार सुरू झाली आहे.' काम एवढंच.

बायको गेल्यापासून केशवराव कुणाशी धड बोलत नसत. माझ्या फोनला मात्र "हो बावा, समजलं" असं उत्तर देऊ लागले. मग खाटच माझ्याजवळ टाकली. कोणत्या झाडाला डिंक सुटला, गावात कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं मला सांगत. एकदा गमतीने म्हणाले, थांब आता, दमला असशीन. नेमकं तेव्हाच व्होल्टेज घसरलं आणि मी थांबलो. झालं! भेटेल त्याला सांगू लागले, "माहा डब्बा इचार करते." लोक हसत. मला मात्र बरं वाटायचं.

थंडीत संत्र्याला ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात. झाड तहानेने कोमेजतं, पानं गळतात, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी भरून येतं. त्या बहारावर घराचं अख्खं वर्ष उभं असतं. पण मध्येच पाणी मिळालं, तर झाड फुलं सोडून नुसती पालवी फोडतं.

त्या वर्षी बाग ताणावर होती आणि सगळ्यांना नात्यातल्या एका लग्नाला अकोल्याला जायचं होतं. त्या सकाळी टाकी भरायला मला 'ऑटो'वर लावलं होतं, आणि टाकी भरली की पाणी आपोआप बागेत उतरायचं. माझं बटण 'ऑटो'वरून 'बंद'कडे फिरवायचं, एवढंच राहिलं होतं. केशवराव माझ्यासमोर आले आणि सालदाराला, वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला, बजावावं तसं म्हणाले, "आता बागेले पाणी देऊ नको. आमी येईपर्यंत चूप राहाय."

निघताना सून वर्षालीने विचारलं, "मामाजी, बटण पाह्यलं ना?"

"सांगतलं त्याले."

हे त्यांचं नेहमीचंच बोलणं. बटण फिरवूनच म्हणत असतील, असं तिला वाटलं.

लाईन आली. मी मोटार लावली आणि केशवरावांना फोन केला. ते फोन खाटेवरच विसरले होते. मी करत राहिलो, आणि तो माझ्याच समोर वाजत राहिला. त्यांचं बोलणं मी ऐकलं होतं का? मित्रांनो, खरं सांगतो, मला ठाऊक नाही. ऐकलं असेल, तरी ती पट्टी माझं ऐकत नाही.

आठ-दहा दिवसांनी ते परतले तेव्हा बाग कोवळ्या पालवीने लसलसत होती. कळी एक नाही. सागर ओरडला नाही. बांधावरूनच म्हणाला, "सालदाराले सांगतलं असतं, तं त्यानं ऐकलं असतं, बाबा." केशवराव पडवीत आले. त्यांनी माझं बटण फिरवलं, खाट उचलली आणि आत नेली.

तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. आता बटण रोज सागर फिरवतो, तेही दुसरीकडे पाहत. केशवराव आतल्या खोलीत असतात. त्यांचाही आवाज येत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्यांवर भरवसा ठेवा, पण बटण फिरवून जा. आणि कुणी आमच्याशी बोलताना दिसलं, तर हसू नका. जरा त्याच्याजवळ जाऊन बसा.

काल वर्षाली माझ्यावरची धूळ पुसत होती. तिची लहानगी रागिणी खाली उभी. आबाजी आता डब्ब्याशी काहून बोलत नाही, म्हणून तिने विचारलं.

"डब्ब्याले काही समजत नाही, बेटा."

"मंग झाडाले समजते?"

"हो. झाडाले तहान समजते."

रागिणीने माझ्याकडे पाहिलं, मग बागेकडे.

"तुले कोणं सांगतलं? झाडानं?"

वर्षालीने फडकं खांद्यावर टाकलं, रागिणीचा हात धरला आणि ती आतल्या खोलीकडे, आबाजींच्या खाटेकडे, वळली.