बर्फाची पाळी

रोडेलकडे चार रविवार होते. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी शाळेत एक फॉर्म द्यायचा होता. त्यावर एकच प्रश्न, अजून एक वर्ष थांबणार का, हो की नाही. तो इथे, परदेशातल्या या बर्फाळ गावात, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि त्याचं हो होतं. बायकोचं, गिनालिनचं, नाही होतं. म्हणजे ती तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "महिनाभर बघते." त्याचा अर्थ काय, एवढं लग्नाच्या तीन वर्षांत त्याला कळलं होतं.

"पण पांगा, त्रास काय आहे तुला इथे?" लाडात आला की तो तिला पांगा म्हणायचा.

"काहीच नाही. तोच त्रास आहे. दीड वर्ष झालं, सगळे हसतात, मान वाकवतात, निघून जातात. कामावर, मशरूमच्या शेडमध्ये, माझ्या हातून अख्खी पेटी सांडली, तर मॅनेजरच मला सॉरी म्हणाला. आपल्या गावी, इलोइलोत, असते तर आईने चार घरांना ऐकू जाईल असं झापलं असतं."

"झापून घ्यायला घरी जायचंय तुला?"

"तुला नाही कळायचं."

खरंच नाही कळलं. मग त्याने काय केलं, तर सहली ठरवल्या. चार रविवार, चार सहली. बायको देशाच्या प्रेमात पडणार, फॉर्मवर हो. मास्तर असल्यामुळे तक्ताही केला. रंगीत.

पहिला रविवार गरम पाण्याच्या कुंडाचा. तक्त्यात लिहिलं होतं, 'दोघांनी निवांत बसणे.' तिथे पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे असतात हे त्याला चांगलं माहीत होतं, फक्त तक्ता करताना आठवलं नाही. तो एकटाच पाण्यात उतरला, तर समोर डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून मुख्याध्यापक बसलेले. दोघंही उघडे. दोघांनीही वाकून नमस्कार केला. मुख्याध्यापकांनी सहज म्हणून सहामाहीच्या निकालाबद्दल विचारलं आणि रोडेलने पाऊण तास उत्तर दिलं. बाहेर आला तेव्हा उकडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. गिनालिन अर्धा तास वाट बघून पुन्हा गार झाली होती.

दुसरा रविवार स्कीचा. आठवडाभर त्याने व्हिडिओ बघितले होते. लहान मुलांच्या उतारावर उभा राहून म्हणाला, "बघ, गुडघे असे वाकवायचे," आणि वाकवलेल्या गुडघ्यांसकट सरळ बालवाडीच्या रांगेत घुसला. बाईंनी त्याला उभं केलं, कपडे झटकले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, बसायचं. पाच तास बसले. मासे तीन, बोटाएवढे, तिन्ही गिनालिनचे.

"तू समुद्रकाठचा ना?" ती म्हणाली. दिवसभरात तेवढंच बोलली.

एक गोष्ट मात्र रोडेलच्या बाजूची होती. रविवारी सात वाजता निघताना घरासमोर गुडघाभर बर्फ असायचा, गाडी कशीबशी बाहेर निघायची. आणि दुपारी परत येईपर्यंत सगळं साफ. कडा तर पट्टीने आखल्यासारख्या.

"बघ," तो दर वेळी म्हणायचा, "रविवारीसुद्धा नगरपालिका काम करते इथे. आपल्याकडे निवडणूक आली की एक खड्डा बुजवतात. असा देश सोडून जायचं म्हणतेस तू."

शेजारच्या होरिकावा आजी, वय अठ्ठ्याहत्तर, सकाळी हे दोघं निघताना फावडं घेऊन दारात उभ्या असायच्या.

"मास्तर, आज पण फिरायला? मजा आहे बाई तुमची. काय उत्साह असतो."

रोडेल काच खाली करून सगळं सांगायचा. कुठे, किती लांब, काय खाणार. वर म्हणायचा, "चालू द्या आजी तुमचा व्यायाम." आणि गाडी वळली की बायकोला भाषांतर, "कौतुक करत होत्या आपलं."

"तोंड कौतुकाचं नव्हतं," गिनालिन म्हणाली.

"तुला भाषा कुठे येते?"

"तोंड वाचता येतं मला."

तरी येताना तो आजींसाठी मिठाईचा खोका आणायचा. आजी वाकून घ्यायच्या. दोन्ही हातांनी.

चौथा रविवार समुद्राचा. दहा-पंधरा मिनिटं गेले आणि रोडेलला आठवलं, लायसन्स घरीच राहिलंय. गाडी वळवली. गल्लीत शिरले तर अख्खी गल्ली रस्त्यावर. कडेच्या गटाराची लोखंडी झाकणं उघडी, खालून नदीचं पाणी जोरात चाललेलं, आणि प्रत्येक जण आपापल्या दारचा बर्फ त्यात ढकलतोय. ती झाकणं रोडेलने दीड वर्ष बघितली होती. त्यांच्यावर गाडी लावली होती.

आणि त्यांच्या घरासमोर होरिकावा आजी. कंबरेत वाकून, एकट्या.

समोरचे मारुयामा टोपी काढून पुढे आले. अवघडलेले. "ते... पाण्याची पाळी असते. रविवारी साडेसात ते साडेआठ आपल्या गल्लीची. मग पुढच्या गल्लीला सोडतात. गेल्या हिवाळ्यात बर्फच कमी होता, पाळी लागली नाही. यंदा पत्रक टाकलं होतं... अर्थात तुम्ही कामात असता."

ते पत्रक रोडेलच्या फ्रिजवर होतं. चित्र छान होतं म्हणून लावलं होतं.

गिनालिनने आजींकडे बघितलं. मग नवऱ्याकडे.

"ही तुझी नगरपालिका," ती म्हणाली.

रोडेलला वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं. जमीन बर्फाखाली होती. मग त्याने जे सुचलं ते केलं. आजींच्या हातातून फावडं जवळजवळ ओढूनच घेतलं, "तुम्ही बसा, तुम्ही बसा," म्हणत छपराखालचं कपाटाएवढं बर्फाचं ढेकूळ खांदा लावून हलवलं आणि दणकन गटारात लोटलं. तीन रविवारांची भरपाई एकाच ढेकळात.

ढेकूळ अडकून बसलं. पाणी थांबलं. मग वर आलं. मग रस्ता ओलांडून शांतपणे मारुयामांच्या गॅरेजमध्ये गेलं.

"डोकं घरी ठेवून आलास का?"

आजींचा आवाज. रोडेलने मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं का म्हणून. दीड वर्ष 'मास्तर, तुम्ही' म्हणणाऱ्या आजी पहिल्यांदा 'तू'वर आल्या होत्या, आणि आल्या त्या थांबायलाच तयार नव्हत्या. "फोडून टाकायचं असतं, फोडून. सहा वर्षांच्या पोराला कळतं ते. शाळेत काय शिकवतोस तू? आणि म्हणे व्यायाम. व्यायाम करते का मी? कंबर गेली माझी तुमच्या सहलींपायी."

रोडेल मान वाकवून उभा. शेजारून आवाज आला म्हणून बघितलं, तर गिनालिन हसत होती. पोट धरून. महिनाभरात पहिल्यांदा.

"तू काय दात काढतेस गं?" आजी तिच्याकडे वळल्या. "बांबू घे तो. ढोस खाली. तसा नाही. जोर लाव, खाल्लं नाहीस का सकाळी?"

भाषांतराची वाट न बघता गिनालिनने बांबू उचलला. ती ढोसत होती, आजी ओरडत होत्या, अख्खी गल्ली फावडी घेऊन जमली, आणि वीस मिनिटांनी ढेकूळ फुटून पाणी मोकळं झालं. रोडेलने मारुयामांचं गॅरेज पुसलं. मारुयामा 'राहू द्या, राहू द्या' म्हणाले, आणि फडकं आणून दिलं.

समुद्र राहिला. घरी दोघं ओले मोजे घालून हीटरसमोर बसले. रोडेलने फॉर्म काढला. आता हो लिहायला कुठल्या तोंडाने सांगणार, हा प्रश्न होता.

"नाही लिहितो," तो म्हणाला. "मला इथलं कळतं असं मला वाटायचं. काही कळत नाही. तुझंही नाही कळलं."

"हे आत्ता कळलं तुला?"

"हो."

ती पाय शेकत बसली. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर आजींचा आवाज, सकाळपेक्षा एक पट्टी वरचा. "झाकण कोण लावणार रे? कुणाचा पाय गेला म्हणजे?"

रोडेल उठायच्या आत गिनालिन उठली आणि ओले मोजे तसेच बुटात कोंबले.

"आले, आजी," तिने आजींच्याच भाषेत, आजींच्याच पट्टीत ओरडून सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "हो लिही. मी झाकण लावून येते."