एक बोट सैल

बायकोच्या डाव्या मनगटावर माझं राज्य होतं. हसा हवं तर. मी घड्याळजी. लग्नात मी तिला एक बारीकसं चावीचं घड्याळ दिलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी चहा ओतून झाला की ती डावा हात माझ्यापुढे धरते. मी घड्याळ सोडतो, चावी देतो, मऊ फडक्यानं काच पुसतो, पुन्हा बांधतो. चावी तिला स्वतःला देता येत नाही असं थोडंच आहे? पण देत नाही. दिवसभर आमच्यात धड बोलणं होवो न होवो, एवढं होतंच.

मग तिला वाचनालयात चक्कर आली. ती तिथं पुस्तकं लावते. वरच्या फळीसाठी स्टुलावर चढली आणि थेट खाली आली. नशीब, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पडली. डॉक्टरबाईंनी छातीला वायरी लावून तपासलं, सगळं ठीक निघालं.

"ठोके मधूनच चुकत असतील तर ते इथं बसून सापडायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "दिवसरात्र ठोके मोजणारा बँड हातात बांधा आणि पंधरा दिवसांनी या. चक्कर येते त्या वेळी हृदय काय करत असतं, ते मला बघायचंय."

बँड म्हटल्यावर मेहुणा उगवलाच. हा हिचा धाकटा भाऊ. मोबाइलच्या दुकानात विक्रीला असतो, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एक डबी तयार असते. त्यानं आम्हाला दुकानात बोलावलं आणि काउंटरवर बँड मांडले.

"ताई, तुला नक्की करायचंय काय? धावणारेस? पोहणारेस?"

"मी स्टुलावर चढते, तेवढं पुरे आहे."

"मग हा नको, यात पोहण्याचीच सगळी भानगड आहे. हा मोठ्या पडद्याचाही नको. रोज चार्ज करावा लागतो. तू रात्री काढून ठेवशील आणि झोपेतले ठोके हुकतील."

बोलत होता शहाण्यासारखं, आणि तेच माझ्या डोक्यात जात होतं. त्याची ताई त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्यानं हृदयाचा शोध लावलाय. मी काचेच्या कपाटात नाक घालून एक हेरलं. गोल तबकडी, खरे काटे.

"हे घे. हे निदान घड्याळासारखं तरी दिसतं."

"ठोके मोजतं का?" बायकोनं विचारलं.

"नाही भाऊजी, ते फक्त पावलं मोजतं," मेहुणा म्हणाला.

"मग मी काय करू त्याचं?" बायको म्हणाली. संपला विषय.

तिनं घेतला तो एक काळा, रबरी पट्ट्याचा, साधासुधा. दिसायला लहान मुलाच्या खेळण्यासारखा, पण ठोके चोवीस तास मोजणारा आणि आठवडाभर चार्ज न मागणारा. नोंदी तिच्या फोनवर जायच्या, आणि काळजीपोटी मेहुण्यानं त्या स्वतःच्याही फोनवर जोडून घेतल्या. विचारलं होतं मला? छे!

"डाव्याच हातात बांध ताई, उजवा कामात फार हलतो. आणि हाडाच्या जरा वर, घट्ट."

"घड्याळ कसं बांधायचं, हे आता तू मला शिकवणार?" मी म्हणालो, आणि बँड त्याच्या हातातून ओढून घेतला.

पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलंय. आजवर कित्येक मनगटांना मी तसंच बांधलंय, एकानं तक्रार केली नाही. तिलाही तसाच बांधला. मी दिलेलं घड्याळ खणात गेलं.

बायकांना सवत असते म्हणतात. मला मिळाली ती रबरी पट्ट्याची. रात्री तिनं कूस बदलली तरी मला कळत नाही, ह्या लेकाला कळतं. पांघरुणाखाली त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या बायकोच्या काळजात काय चाललंय ते तिच्या भावाला खिशातल्या फोनवर दिसणार, आणि मी शेजारी झोपून कोरडाच!

पहिल्या सकाळी सवयीनं तिनं हात पुढे केला. मी धरला, आणि लक्षात आलं, चावी द्यायला काहीच नाही. सोडवेना. मग मी डोळ्याला भिंग लावलं, बँड अंगठ्यानं दाबून धरला आणि चहूबाजूंनी तपासू लागलो.

"काय शोधताय?"

"खोट."

"सापडली?"

"सापडेल." फडक्यानं तो पुसला. दुसऱ्या दिवशी परत तेच. नंतर रोजच. चहा निवायचा, पण ती हात मागे घ्यायची नाही.

मधे मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, ताईचे ठोके नीट येत नाहीयेत. बँड सैल तर नाही ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "तुझा मालच रद्दी आहे." आणि फोन ठेवला. काय बरं वाटलं सांगू!

त्याच आठवड्यात तिला पुन्हा चक्कर आली. या वेळी वाचनालयाच्या जिन्यात. कठडा हाताला लागला म्हणून वाचली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाईंनी तिचा फोन हातात घेतला. बोटानं वरखाली करत राहिल्या. कपाळाला आठी पडली.

"जवळजवळ सगळं रिकामं आहे. जिन्यातली चक्कर कधीची? त्या वेळचंही काही नाही."

"मी सांगतच होतो," मी म्हणालो. "भिकार वस्तू आहे."

त्यांनी हिचा हात उचलला आणि पट्ट्याखाली बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"कोणी बांधलाय हा?"

"ह्यांनी," बायको म्हणाली. "ते घड्याळजी आहेत."

"अहो, हे घड्याळ नाही. त्याचा दिवा कातडीला टेकला नाही, तर त्याला दिसणार काय? ज्या ठोक्यांसाठी हा घ्यायला लावला, तेच हुकले."

जिना डोळ्यापुढे आला. तो कठडा तिच्या हाताला लागला नसता तर? आणि मी काय करत होतो, तर एका रबराच्या तुकड्यावर जळत होतो.

"एक मात्र कळत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "रोज सकाळी थोडा वेळ ठोके अगदी स्वच्छ आलेत. एक दिवस चुकलेला नाही. काय करता तेव्हा?"

"चहा पितो," मी म्हणालो.

"चहानं बँड घट्ट होत नाही."

बायकोनं मान खाली घातली. "तेव्हा हे माझा हात धरतात."

डॉक्टरबाई पुन्हा फोनकडे बघू लागल्या. "हं. तरीच जरा जलद आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. पुन्हा पंधरा दिवस, नीट बांधून. आणि स्टुलावर चढणं बंद."

दुसऱ्या सकाळी बँड मीच बांधला. हाडाच्या वर, घट्ट, बोट शिरणार नाही असा. पडद्यावर आकडा लगेच उमटला. माझ्या अंगठ्याची त्याला आता गरज नव्हती. बरोबरच होतं, तसंच हवं होतं, आणि तरी पोटात दुखायचं ते दुखलंच. मी तिचा हात सोडला आणि कप उचलला.

तिचा हात तिथंच.

"अगं, झालं की. चालू आहे तो."

"त्याचं झालं," ती म्हणाली. "तुमचं राहिलंय."

मी कप ठेवला आणि हात धरला. पडद्यावरचा आकडा चढला. तिकडे मेहुण्याच्या फोनवरही चढला असणार. बघू दे लेकाला.